चंद्रप्रभाबाईंना चेहरे दिसेनात

चंद्रप्रभा मगदूम यांच्याबद्दल दिल्लीतल्या मराठी मंडळींत एक गोष्ट नेहमी सांगितली जायची. राज्य सरकारच्या अतिथिगृहात त्या स्वागतकक्षात कामाला होत्या, तेव्हाची. गडचिरोलीकडचा एक शिक्षक आईच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी आला, दोन रात्री राहिला आणि गेला. पुढे कितीतरी वर्षांनी तोच माणूस कसल्याशा शिष्टमंडळाबरोबर परत आला. मधल्या काळात केस गेले होते, मिशी पांढरी झाली होती. चंद्रप्रभाबाईंनी खोलीची किल्ली पुढे सरकवता सरकवता विचारलं, “आई बऱ्या आहेत ना?” तो माणूस तिथल्या सोफ्यावर बसला तो बराच वेळ उठलाच नाही.

यात नवल काय, असं त्या म्हणायच्या. गाणाऱ्याला सूर लक्षात राहतात, तसे मला चेहरे. सांगलीजवळच्या समडोळीहून लग्न होऊन त्या दिल्लीत आल्या, तेव्हा त्यांना धड हिंदी येत नव्हती. नवरा बळवंत कृषी मंत्रालयात नोकरीला. वर्षभर घरात बसून काढल्यावर त्यांनी अतिथिगृहातल्या जागेसाठी अर्ज केला, आणि मग आधी जुन्या इमारतीत आणि शेवटची काही वर्षं कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या इमारतीत त्यांनी सगळा महाराष्ट्र समोरून जाताना पाहिला. आमदार, त्यांचे पीए, उपचारांसाठी आलेली माणसं, यूपीएससीच्या मुलाखतीला आलेली धास्तावलेली पोरं. एकदा पाहिलेला चेहरा त्या विसरल्या नाहीत. निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांनी याच एका गोष्टीवर भाषणं केली.

निवृत्तीनंतर दोघं गाझियाबादला वसुंधरात घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहू लागले. मुलगा धवल नोएडात एका सॉफ्टवेअर कंपनीत. त्याने लग्न केलं ते मेरठच्या शिवांगीशी. मुलगी शाळेत शिकवणारी, मोकळी, हसरी. घरात मराठी बोलायचा तिचा प्रयत्न चाले. ‘ळ’ला अडखळायची आणि स्वतःच हसायची. चंद्रप्रभाबाईंना ती पहिल्या भेटीतच आवडली होती. सूर्यास्तानंतर सासूबाई जेवत नाहीत म्हटल्यावर शाळेतून आल्या आल्या ती आधी त्यांचं ताट वाढायची.

सगळं असं नीट चाललेलं असताना चेहऱ्यांचं बिनसायला लागलं.

सुरुवात कधी झाली ते चंद्रप्रभाबाईंनाही नेमकं सांगता आलं नसतं. आधी पेपर वाचायचा कंटाळा येऊ लागला. शब्दांतली मधली अक्षरं गळाल्यासारखी व्हायची. त्यांना वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल, बघू पुढे. डोळ्यांचं काही दुखणं असेल हे कुणाच्याच मनात आलं नाही, कारण दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले होते आणि बळवंतराव सगळ्यांना सांगत, “प्रभाचे डोळे आता माझ्यापेक्षा चांगले आहेत.” आणि तसं दिसतही होतं. त्या स्वयंपाक करत होत्या, जिने चढत होत्या. फरशीवर पडलेली टाचणी डोळ्याच्या कोपऱ्यातून बरोबर टिपत होत्या. समोर उभ्या असलेल्या माणसाचं नाक-तोंड मात्र हाताने पुसून टाकल्यासारखं वाटे.

संक्रांतीला मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. देविका सबनीस त्यांची चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. दोघी एकाच काळात दिल्लीत आल्या, दोघींची बाळंतपणं एकमेकींनी केली. चंद्रप्रभाबाईंनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला, गोड बोला म्हणाल्या आणि सौजन्याने विचारलं, “आपण कुठल्या? नवीन दिसता.”

देविकाताईंना आधी वाटलं चेष्टा आहे. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते चंद्रप्रभाबाईंना दिसलंच नाही. दिसला तो फक्त साडीचा मोरपंखी रंग आणि काठावरची जर. “प्रभा, अगं मी,” असा आवाज आला तेव्हा चंद्रप्रभाबाईंना देविका ओळखू आली. “थट्टा केली गं,” असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. पण बायका गप्प झाल्या होत्या.

त्या दिवसापासून बळवंतरावांनी एक नवं काम स्वतःकडे घेतलं. बायकोशी त्याबद्दल एक अक्षर न बोलता. फिरायला गेलं की समोरून येणाऱ्याला ते लांबूनच हाक मारत. “काय दिलीपराव, आज उशीर?” “अरे केतकी, परीक्षा झाली का?” माणूस जवळ येईपर्यंत नाव हवेत असायचं, आणि चंद्रप्रभाबाई ते झेलून पुढचं बोलायच्या. मितभाषी म्हणून सबंध मंत्रालयात ओळखला जाणारा हा माणूस बागेत सगळ्यांना हाका मारत फिरताना पाहून लोकांना गंमत वाटे. चंद्रप्रभाबाईंना सगळं कळत होतं. कळत होतं म्हणून त्याही काही बोलत नव्हत्या.

त्यांच्या मनात भीती होती ती सुनीतीअक्काची. अक्का त्यांची थोरली बहीण, इचलकरंजीला दिलेली. सत्तरी ओलांडल्यावर ती विसरू लागली. आधी भाजीत मीठ दोनदा, मग गल्लीतलं घर, मग माणसं. शेवटी शेवटी पोटच्या मुलाला ती “पाहुणे, चहा घेणार का?” विचारायची, आणि तो पोरगा हो म्हणून चहा घ्यायचा. चंद्रप्रभाबाई तिला भेटायला गेल्या होत्या तेव्हा अक्काने त्यांचा हात धरून ठेवला होता, पण कुणाचा हात धरलाय ते तिला ठाऊक नव्हतं.

तेच आता आपल्यात आलं, असं त्यांनी मनाशी धरलं. सकाळी आंघोळीनंतर त्या स्वतःची परीक्षा घेऊ लागल्या. चोवीस तीर्थंकरांची नावं सरळ म्हणायच्या, मग उलटी. मावसभावंडांची नावं वयानुसार. अतिथिगृहातल्या कुठल्या खोलीचा नळ गळका होता, तेसुद्धा. कुठे चूक होत नसे. पण दार उघडून बाहेर आल्या की समोर उभं असलेलं माणूस कोण, ते त्याने तोंड उघडल्याशिवाय कळत नसे. हा आजार दर माणसात वेगळ्या वाटेने शिरत असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

घरात याचा सगळ्यात जास्त त्रास शिवांगीला झाला. ती शाळेतून यायची, दारातूनच सासूबाईंकडे पाहून हसायची. सासूबाई तिच्याकडे बघायच्या, थोडं कानाच्या बाजूला, आणि चेहरा दगडासारखा. पूर्वी असं नव्हतं. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. तिने धवलला विचारलं, “मम्मीजी मुझसे नाराज़ हैं क्या?” धवल म्हणाला, तसं काही नाही, वय झालंय. पण घरात आता ती बेताने हसू लागली, मग फारसं हसेनाशी झाली. चंद्रप्रभाबाईंना हेही कळलं नाही. त्यांना इतकंच जाणवलं की पोरगी हल्ली गप्प असते. कामाचा ताण असेल.

पुढच्या वर्षी फाल्गुनातल्या एका संध्याकाळी वैशाली मेट्रो स्टेशनवर ते घडलं. चंद्रप्रभाबाई दिल्लीहून एकट्याच परत येत होत्या. धवल त्यांना न्यायला आला होता आणि फाटकाबाहेर उभा राहून हात हलवत होता. गर्दीतून त्या सरळ त्याच्याच दिशेने आल्या. त्याला वाटलं, पाहिलं आईने. त्या अगदी हातभर अंतरावर येऊन थांबल्या, त्याच्या चेहऱ्याकडे वर बघितलं आणि म्हणाल्या, “भैया, ज़रा साइड देना.”

धवल बाजूला झाला. खरंच झाला, कारण त्याला दुसरं काही सुचलंच नाही. त्या पुढे गेल्या, रिक्षांच्या गोंगाटात उभ्या राहून मुलाची वाट पाहू लागल्या. तो मागून गेला आणि म्हणाला, “आई.” त्या आवाजाकडे वळल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. “आलास? मी म्हटलं ट्रॅफिकमध्ये अडकलास.”

घरी आल्यावर त्याने वडिलांना गच्चीवर नेलं. बळवंतरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग पहिल्यांदाच कुणाजवळ तरी ते बोलले, की हे गेलं वर्षभर चाललंय आणि त्यांनी ते झाकून ठेवलंय. “मला वाटलं, मी नावं सांगत राहिलो तर तिला धक्का बसणार नाही. किती दिवस पुरेल तेवढं.”

स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. आईला काय सांगायचं यावर बाप-लेकाचा खल चालला होता, तेवढ्यात चंद्रप्रभाबाईच वर आल्या. “मला ठाऊक आहे कुठे न्यायचंय ते,” त्या म्हणाल्या. “सुनीतीअक्काला न्यायला उशीर झाला होता. मला वेळेवर न्या.” आणि कणीक मळायला निघून गेल्या.

डॉक्टर निखिल माथुर तसे तरुणच होते. घाई न करणारे. चौघं एकदम आत शिरलेली पाहून त्यांनी तक्रार केली नाही, फक्त एक खुर्ची जास्त मागवली. धवलने मेट्रो स्टेशनचा प्रसंग सांगितला. डॉक्टर चंद्रप्रभाबाईंकडे वळले. आजची तारीख, वार, आपण कितव्या मजल्यावर आहोत. त्यांनी सगळं बरोबर सांगितलं. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं, तर त्या थांबायचं नावच घेईनात. पाच शब्द लक्षात ठेवायला दिले होते, ते नंतर विचारले तेव्हा त्यांनी पाचही सांगितले आणि वर म्हणाल्या, “बीच में आपने फ़ोन पर किसी को कहा था कि फ़ाइल नीचे भेज दो. वो भी बता दूँ?”

बळवंतराव जरा सरळ बसले.

मग डॉक्टरांनी चित्रांचा कागद पुढे केला. उंट, कात्री, छत्री अशी चित्रं. नावं सांगायची. इथे गाडी अडली. चंद्रप्रभाबाईंनी कागद डावीकडे नेला, उजवीकडे नेला, मान तिरपी केली. घामाघूम झाल्या. “नाही येत,” त्या मराठीतच म्हणाल्या. शिवांगीने मान खाली घातली.

डॉक्टर कागदाकडे पाहत नव्हते. ते बाईंकडे पाहत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “माताजी, आप जब से आई हैं, मेरे कान की तरफ़ देखकर बात कर रही हैं. क्यों?”

चंद्रप्रभाबाई ओशाळल्या. अतिथिगृहात इतकी वर्षं काढलेल्या बाईला माणसाच्या नजरेला नजर देऊन बोलावं हे शिकवावं लागत नाही. त्या हळूच म्हणाल्या, “सीधा देखूँ तो आप ग़ायब हो जाते हैं.”

डॉक्टरांनी खणातून एक चौकडीचा कागद काढला, मध्ये एक ठिपका असलेला. एक डोळा झाकायला लावला, मग दुसरा. ठिपक्याकडे बघा आणि रेषा कशा दिसतात सांगा. उजव्या डोळ्याला रेषा पाण्यात हलल्यासारख्या वेड्यावाकड्या दिसत होत्या. डाव्या डोळ्याला मधल्या चौकोनांच्या जागी राखाडी डाग होता. हे त्यांनी इतकं नेमकं सांगितलं की डॉक्टरांनी कागद खाली ठेवला आणि हसले.

“आपकी याददाश्त मुझसे अच्छी है,” ते म्हणाले. “आप भूल नहीं रहीं. आपको दिख नहीं रहा.”

हे वाक्य समजायला चौघांनाही वेळ लागला. आठवत नाही आणि दिसत नाही यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं, आणि वर्षभर या घरात ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. चंद्रप्रभाबाईंच्याही नाही. दिसत नाही म्हणजे सगळा अंधार, अशीच त्यांची समजूत होती. कडेचं सगळं लख्ख दिसत असताना फक्त मधलंच नाहीसं होऊ शकतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

“म्हणजे अक्कासारखं नाही?” त्यांनी बळवंतरावांना विचारलं.

“नाही,” बळवंतराव म्हणाले. “अक्कासारखं नाही गं.” आणि त्यांनी बायकोचा हात धरला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये धवल खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. डोळ्यांचा आजार निघाला म्हणून देवाचे आभार मानणारा आपण पहिलाच मुलगा असू, असं त्याच्या मनात आलं. शिवांगी मात्र सासूबाईंच्या शेजारी बाकावर बसली होती. तिने विचारलं, “मम्मीजी, मेरा चेहरा भी नहीं दिखता?”

“बेटा, तुझी ओढणी दिसते. बांगड्या ऐकू येतात. चेहरा कसा दिसणार? बघायला गेलं की तिथं धुकं.”

“और मैं हँसती हूँ, तो?”

त्या मुलीच्या गप्प राहण्याचं कारण चंद्रप्रभाबाईंना तेव्हा कळलं. त्यांनी हात पुढे केला, शिवांगीचा गाल चाचपला. तो ओला होता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की उशीर करू नका, म्हणून दुसऱ्याच दिवशी ते डोळ्यांच्या पडद्याच्या डॉक्टरांकडे गेले. या डॉक्टर संपदा वैद्य, मूळच्या नागपूरच्या. दिल्लीत मराठी डॉक्टर भेटली म्हणून बळवंतरावांना निम्मं बरं तिथेच वाटलं. डोळ्यांत थेंब टाकून झाले, एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून पडद्याची छायाचित्रं निघाली. मग डॉक्टरांनी सगळ्यांना संगणकासमोर बसवून समजावलं.

वयोमानाने पडद्याचा मधला भाग झिजतो, तो हा आजार. डाव्या डोळ्यात तो हळूहळू, कोरड्या पद्धतीने झालेला, त्यातलं गेलेलं परत येणार नाही. उजव्या डोळ्यात मात्र पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या उगवल्या आहेत आणि त्या गळताहेत. “हे ऐकायला वाईट वाटतं,” डॉक्टर म्हणाल्या, “पण गळती थांबवता येते. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील. लवकर आलात, हे फार बरं झालं.”

धवलने रात्रभर फोनवर आईची लक्षणं टाकून वाचलं होतं. तो म्हणाला, “डॉक्टर, यात कोलेस्टेरॉलचा हात असतो असं लिहिलंय. आईचं कोलेस्टेरॉल जास्त आहे, गोळी चालू आहे. घरात तूप असतंच. आम्ही आधीच बंद करायला हवं होतं का?”

हाच प्रश्न चंद्रप्रभाबाईंच्याही मनात होता. त्या पुढे सरकून बसल्या. “बाई, मला एक सांगा. आम्ही जैन. मी उभ्या आयुष्यात अंडं शिवलेलं नाही. कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात वर्ज्य. दिवस मावळला की पाणीसुद्धा घेत नाही. मग हे कोलेस्टेरॉल माझ्या डोळ्यात आलं कुठून? मी कुठे चुकले?”

डॉक्टर संपदांनी खुर्ची जवळ ओढली. “काकू, तुम्ही कुठेही चुकला नाहीत. कोलेस्टेरॉल ताटातूनच येतं असं नाही, शरीर स्वतःसुद्धा ते बनवतं. त्याच्याशिवाय पेशी उभीच राहू शकत नाही. डोळ्याच्या पडद्यात तर ते लागतंच. पण असं बघा. पडद्यावर उजेड टिपणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांचे शेंडे रोज झिजून गळतात. खालच्या पेशी तो कचरा गिळतात. त्यात चरबी असते, कोलेस्टेरॉल असतं. ते उचलून बाहेर रक्तात सोडायचं काम अखंड चालू असतं. तरुणपणी ते होऊन जातं. वय झालं की उचल मंदावते.”

“आमच्या सोसायटीत कचऱ्याची गाडी येईनाशी झाली की होतं तसं,” बळवंतराव म्हणाले.

“अगदी तसंच. मग पडद्याखाली हे पिवळे ठिपके साठतात, हे बघा. आणखी एक होतं. सफाईसाठी शरीराने वेगळ्या पेशी ठेवलेल्या असतात. त्याही म्हाताऱ्या होतात. कोलेस्टेरॉल पोटात घेतात, पण बाहेर टाकायची त्यांची ताकद कमी होते. अशा फुगलेल्या पेशींचं वागणंच बदलतं. ज्यांनी नको त्या रक्तवाहिन्या आवरायच्या, त्या उलट त्यांना वाढू देतात. उंदरांवरच्या प्रयोगांत हे नीट दिसलंय. त्या पेशींना कोलेस्टेरॉल बाहेर टाकायला मदत करता येईल का, यावर जगभर काम चाललंय. माणसासाठी तसलं औषध अजून माझ्या हातात नाही, खोटं कशाला सांगू. पण इंजेक्शन आहे, आणि ते काम करतं.”

“आणि तूप?” धवलने पुन्हा विचारलं.

“हृदयासाठी बेताने खा. गोळी ज्यांनी दिली त्यांनी हृदयासाठी दिलीय, ती चालू ठेवा. पालेभाज्या भरपूर खा. पण रक्तातला आकडा आणि डोळ्यातला हा साठा यांचं गणित इतकं सरळ नाही. हे आईंच्या तुपाने झालं असं कुणीही सांगू शकणार नाही. आणि कुणी सांगितलं तर माझ्याकडे पाठवा.”

चंद्रप्रभाबाईंनी श्वास सोडला. बारा महिने छातीवर ठेवलेला धोंडा एका श्वासाने उतरत नाही, पण हलला खरा. आपण विसरत नाही आहोत. आपण काही पाप केलेलं नाही. म्हातारपण आलंय, ते तर सगळ्यांनाच येतं.

पहिल्या इंजेक्शनची भीती त्यांना होतीच. डोळ्यात सुई, नुसत्या शब्दानेच अंगावर काटा येतो. डोळा बधिर केला होता. शिवांगी शाळेतून सुट्टी घेऊन आली होती, तिला दारापर्यंतच सोडलं. आत टेबलावर पडल्या पडल्या चंद्रप्रभाबाईंनी तीर्थंकरांची नावं म्हणायला सुरुवात केली. आठव्यापर्यंत पोचल्या, जे नाव त्यांना स्वतःला ठेवलं होतं त्यापर्यंत, आणि डॉक्टर म्हणाल्या, “झालं, काकू.” थोडा दाब जाणवला होता, बस्स. बाहेर येऊन त्यांनी शिवांगीला सांगितलं, “इससे ज़्यादा तो कान छिदवाने में दुखा था.”

त्यानंतर दर महिन्याला वारी ठरली. घरातल्या वागण्याला नवं वळण लागलं, आणि ते कुणी ठरवून लावलं नाही. धवल खोलीत शिरताना “मी धवल” म्हणायचा, मग ते त्याचं त्यालाच विनोदी वाटू लागलं. शिवांगीने वेगळंच केलं. ती शाळेतून आली की दारातूनच सांगायची, “मम्मीजी, मैं आ गई, और मैं हँस रही हूँ.” पहिल्या दिवशी चंद्रप्रभाबाईंनी नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “मग मी पण हसतेय, बघ.” रोजच्या भाज्यांत पालक, मेथी, चाकवत आलटून पालटून येऊ लागले. बळवंतराव कुरकुरत खात राहिले.

देविकाताईंना फोन त्यांनी स्वतःच केला. त्या दिवशीची थट्टा नव्हती, हे सांगितलं, आणि काय झालंय तेही. देविकाताई म्हणाल्या, “मला वाटलं तू मला विसरलीस. दोन दिवस जेवले नाही गं मी.” त्या दुपारी त्या मयूर विहारहून रिक्षा करून आल्या आणि दार उघडल्याबरोबर म्हणाल्या, “मी देविका सबनीस, आपण चाळीस वर्षं एकमेकींना ओळखतो.” दोघी हसत हसत रडल्या. जाताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांचीही वेळ घेऊन ठेवली, त्याच डॉक्टरांकडे.

तिसऱ्या इंजेक्शननंतर पुन्हा छायाचित्रं काढली. पडद्याखालचं पाणी ओसरलं होतं. तक्त्यावर पूर्वी चंद्रप्रभाबाईंना वरचं मोठं अक्षरच कसंबसं लागायचं. आता उजव्या डोळ्याने त्या खालच्या ओळींत उतरल्या. एकेक अक्षर लावत, मध्ये अडत, पण उतरल्या. डावा डोळा होता तसाच राहिला. डॉक्टर संपदांनी काही लपवलं नाही. इंजेक्शनं चालू ठेवावी लागतील, अंतर वाढवत नेऊ. चौकडीचा कागद घरी लावा, रोज एकेका डोळ्याने बघा, रेषा पुन्हा वाकल्या तर त्याच दिवशी फोन करा. बारीक छपाई बहुतेक वाचता यायची नाही, भिंग लागेल. पण सगळा अंधार होणार नाही. “तुम्ही घरात, रस्त्यावर, आपल्या पायांनी फिरणार, काकू. ते कुणी काढून घेत नाही.”

परतताना दोघंच होते. ऊन कलायला लागलं होतं. दुपारच्या मेट्रोत उभं कुणी नव्हतं, पण बाकं भरलेली होती. बळवंतरावांना शेजारी जागा मिळाली नाही म्हणून ते समोरच्या बाकावर बसले आणि सवयीने येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे लक्ष ठेवू लागले. यमुना मागे पडली. खिडकीतून उजेड आत येत होता आणि तो त्यांच्या तोंडावर पडत होता.

चंद्रप्रभाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. कानाकडे नाही. सरळ. मध्ये अजून थोडं धुरकट होतं, चष्म्याच्या काचेवर वाफ धरते तितकं. पण त्या वाफेच्या आत नाक होतं, नाकाच्या दोन्ही बाजूंना खोल गेलेल्या रेघा होत्या, त्या पूर्वी इतक्या खोल नव्हत्या. माणूस वर्षभरात बराच उतरला होता.

गाडी स्टेशनात थांबली, शेजारची जागा रिकामी झाली. बळवंतराव उठून त्यांच्याजवळ येऊन बसले.

“अहो,” त्या म्हणाल्या.

“काय गं? त्रास होतोय का डोळ्याला?”

“नाही. हनुवटीखाली दाढी राहिलीय तुमची. डाव्या बाजूला. असेच आलात डॉक्टरांकडे?”

बळवंतरावांनी हनुवटी चाचपली. खरंच खुंट होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि ती आपल्याकडे पाहतेय हे त्यांना दिसलं. ते म्हणाले, “घाईत राहिली असेल.”

“घाई कसली? आता घरी गेलात की आधी करा. आणि जेवत नाही का नीट? गाल बघा कसे बसलेत.”

“बरं,” बळवंतराव म्हणाले. वैशाली येईपर्यंत त्या बोलत राहिल्या, आणि ते प्रत्येक वाक्याला बरं म्हणत राहिले.